शूटिंग मशीनचा एक तास, रे ॲलनच्या मापाने

पुण्यात आता काही इनडोअर हॉलमध्ये बास्केटबॉलचं शूटिंग मशीन तासावर मिळतं. आमच्या भागातल्या एका हॉलचा दर तासाला सहाशे रुपये आहे. अर्धं कोर्ट आपलं, मशीन आणि बॉल त्यांचे, मदतीला एक मुलगा. पावसाळ्यापासून मी भाच्याला तिथे नेते आणि त्याचं झालं की मीही शॉट मारून घेते. त्याच्या टीममधल्या मुलांचे आईवडील विचारतात, एवढे पैसे टाकण्यासारखं आहे का, म्हणून नीट लिहिते आहे. हॉलचं नाव देत नाही. यातल्या बहुतेक गोष्टी अशा कुठल्याही हॉलला लागू होतील, आणि मला एका मालकावर शेरा मारायचा नाही.

मी कॉलेजमध्ये आणि पुढे बँकेच्या टीमकडून शूटिंग गार्ड, म्हणजे लांबून शॉट मारणाऱ्याच्या जागी, खेळले. ही जागा मी ज्याच्याकडे बघून शिकले तो रे ॲलन. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, अठरा सीझन, १,३०० मॅच, २,९७३ थ्री-पॉइंटर (लांबच्या रेषेमागून मारलेले तीन पॉइंटचे शॉट, थोडक्यात थ्री). समोर उभं राहा, भरपूर शॉट मारा, हात बसेल, असं हे मशीन सांगतं. भरपूर शॉट मारणं म्हणजे काय हे ज्याने साऱ्या जगाला दाखवलं, त्याच्याच मापाने मशीन मोजलेलं बरं.

आधी मशीन. ते रिंगखाली चाकांवर उभं असतं. त्याचं मोठं जाळं रिंगच्या वरपर्यंत चौफेर पसरतं. बॉल आत गेला किंवा रिंगला लागून उडाला तरी जाळ्यातून घरंगळत खाली येतो आणि मशीनचा हात तो परत आपल्याकडे फेकतो. दोन पासमध्ये किती सेकंद हवेत, पास कोर्टावरच्या कुठल्या जागी हवा, हे पॅनलवर ठरवता येतं. खालचा सेन्सर बास्केट मोजतो आणि आकडा समोर झळकतो.

ज्यांनी उघड्या सिमेंटच्या कोर्टवर एकट्याने शूटिंग केलंय त्यांना याचं मोल लगेच कळेल. तिथे अर्धा वेळ बॉलमागे पळण्यात जातो. इथे सगळा वेळ शॉटचा. भाचा शाळेच्या ग्राउंडवर संध्याकाळभर जेवढे शॉट मारतो, तेवढे इथे पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच होतात. दुसरा फायदा मला स्वतःला उशिरा लक्षात आला. जाळं रिंगच्या बरंच वर असल्यामुळे सपाट शॉट चालतच नाही, जाळ्याला अडकतो. भाच्याचा शॉट खांद्याजवळून सरळ जायचा. त्याला मी आणि त्याच्या सरांनी किती सांगितलं असेल. जाळ्याने ते न बोलता करून घेतलं, महिन्याभरात बॉल कपाळाच्या वरून सुटायला लागला. या एका गोष्टीसाठी मी हॉलला पैकीच्या पैकी गुण देईन.

फ्लोअर लाकडी आहे, उडी मारल्यावर गुडघ्यांना सुख वाटतं. लाइट चांगले आहेत, बोर्डच्या मागे भिंत पांढरी नाही त्यामुळे रिंग स्पष्ट दिसते. रिंग मी पहिल्याच दिवशी टेपने मोजली: ३.०५ मीटर, बरोबर. बॉल मात्र सरमिसळ. मुलींना सहा नंबरचा, म्हणजे थोडा लहान, बॉल हवा असतो, तो इथे मागून घ्यावा लागतो आणि बहुतेक वेळा हवा कमी असते. बारा-तेरा वर्षांच्या मुलींना सात नंबरचा बॉल देऊन थ्री मारायला लावणं म्हणजे त्यांचा शॉट बिघडवणं आहे. त्या बॉल रिंगपर्यंत पोचवायला कंबरेतून झोका घेतात आणि ती सवय मग सुटत नाही. मुलीला नेणार असाल तर तिचा स्वतःचा बॉल बरोबर न्या, पण मशीनला एकापेक्षा जास्त बॉल लागतात हे लक्षात ठेवा.

आता मुख्य मुद्दा, आणि त्यासाठी ॲलनची कारकीर्द थोडी उलगडावी लागेल.

त्याचे वडील अमेरिकन हवाई दलात. जन्म २० जुलै १९७५, कॅलिफोर्नियातल्या कॅसल हवाई तळावर. लहानपण बदल्यांमध्ये गेलं, इंग्लंड आणि जर्मनीतही. मग साउथ कॅरोलिनातलं डॅलझेल नावाचं छोटं गाव, तिथलं हायस्कूल, आणि पुढे कनेक्टिकट युनिव्हर्सिटी. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा, मिनेसोटाने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतलं आणि त्याच रात्री स्टेफन मार्बरीच्या बदल्यात मिलवॉकीला देऊन टाकलं. आज लोकांना तो कॉर्नरला, म्हणजे साइडलाइनजवळच्या कोपऱ्यात, उभा राहून थ्री मारणारा म्हणून आठवतो, पण मिलवॉकीतला ॲलन वेगळाच होता. डिफेंडरला ड्रिबलवर हरवून रिंगवर चढायचा, उडी मारून वरूनच बॉल रिंगमध्ये घालायचा. २००१ मध्ये मिलवॉकी ईस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या पूर्व विभागाच्या, फायनलला पोचली. ॲलन आयव्हर्सन या दुसऱ्या खेळाडूच्या फिलाडेल्फियाविरुद्ध सहाव्या मॅचमध्ये रे ॲलनने ४१ पॉइंट केले, त्यात नऊ थ्री. सातवी मॅच मात्र हरले.

२००३ मध्ये गॅरी पेटनच्या बदल्यात तो सिॲटलला गेला. तिथे तो टीमचा मुख्य स्कोअरर होता. २००५-०६ मध्ये त्याने एका सीझनमध्ये २६९ थ्री मारले, तेव्हाचा विक्रम. पुढच्या सीझनला मॅचमागे सरासरी २६.४ पॉइंट, कारकिर्दीतली सर्वात जास्त. आणि मग २००७ मध्ये बॉस्टन, जिथे पॉल पिअर्ससारखा स्टार आधीच होता आणि काही आठवड्यांत केविन गार्नेट हा दुसरा स्टारही आला.

माझ्या मते शूटिंग गार्ड होऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलाने बॉस्टनचं ते पहिलं वर्ष बघायला हवं. सरासरी २६.४ वरून थेट १७.४. हातात बॉल कमी, स्वतःसाठी आखलेले डाव कमी. आता त्याचं काम स्क्रीनमागून स्क्रीन घेत (डिफेंडरला अडवून उभ्या असलेल्या सहकाऱ्यांच्या आडून) धावत राहायचं, डिफेंडरला दमवायचं आणि बॉल येईल त्या क्षणी तयार असायचं. बॉल येईलच याची खात्री नाही. २००८ च्या फायनलमधल्या शेवटच्या मॅचमध्ये बॉस्टनने लेकर्सना १३१-९२ असं हरवलं, ॲलनने सात थ्री मारले. त्यातले बहुतेक पास त्याच्या हातात पोचले तेव्हा पाय आधीच रिंगकडे वळलेले होते.

सगळं शूटिंग तिथेच आहे. बॉल हातात येण्याच्या आधी पाय कुठे आहेत. मनगट, कोपर, बोटं यावर लोक तासन्‌तास बोलतात. मी खेळत असताना आमचे सर शॉट बघायचेच नाहीत, फक्त आमचे बूट बघायचे. बॉल गेला की नाही हे त्यांना पायांवरूनच आधी कळायचं.

मशीनचा खरा उणेपणा इथे आहे. पास नेहमी एकाच उंचीवर, एकाच वेगाने, ठरलेल्या सेकंदाला येतो. दहा-बारा शॉटनंतर शरीराला ती लय पाठ होते आणि पाय जागेवर रुजतात. भाचा एका जागी उभा राहून इतके सुंदर शॉट मारतो की बघत राहावं. त्याच आठवड्यात शाळेच्या मॅचमध्ये पास गुडघ्यापाशी आला, डिफेंडर अंगावर आला, तर त्याला बॉल वर न्यायलाच वेळ मिळाला नाही. मॅचमध्ये आपल्याला हवा तसा पास क्वचितच मिळतो.

ॲलनला हे किती आधी कळलं होतं याचं मला आजही नवल वाटतं. मिलवॉकीत असतानाच त्याने स्वतःसाठी एक सराव बेतला होता. रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात जमिनीवर आडवं पडायचं. तिथून झटकन उठायचं आणि मागे न बघता, उलट्या पावलांनी कॉर्नरला जायचं. कोचने पास टाकायचा. बॉल पकडून शॉट मारायचा, पण पाय थ्री-पॉइंटच्या रेषेवरही पडता कामा नये आणि साइडलाइनच्या बाहेरही जाता कामा नये. वर्षानुवर्षं तो हे करत राहिला. पुढे बॉस्टन सोडून मायामीत आल्यावर तिथल्या कोचनेही त्याला एकट्याने हेच करताना पाहिलं.

कॉर्नरला थ्रीची रेषा आणि साइडलाइन यांच्यात जेमतेम ९० सेंटिमीटर अंतर असतं. एनबीएत तीन फूट, आपल्याकडच्या फिबाच्या (आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) मापाच्या कोर्टवर ०.९ मीटर, म्हणजे सारखंच. त्या पट्टीत मोठ्या माणसाचे दोन बूट आणि थोडीशी हालचाल एवढंच मावतं. न बघता तिथे पोचायचं तर ती जागा पायांना पाठ असावी लागते.

१८ जून २०१३. आपल्याकडे १९ तारखेची सकाळ, मी बँकेत जायच्या आधी टीव्हीसमोर. मायामी विरुद्ध सॅन अँटोनियो, फायनलची सहावी मॅच, सॅन अँटोनियो सात मॅचच्या मालिकेत ३-२ ने पुढे. शेवटची अठ्ठावीस सेकंद उरली तेव्हा ते पाच पॉइंटनी पुढे होते. कोर्टच्या कडेला पिवळी दोरी आणली गेली होती, ट्रॉफी द्यायची तयारी. काही प्रेक्षक उठून बाहेरही पडले होते. मायामीच्या लेब्रॉन जेम्सने एक थ्री मारला. सॅन अँटोनियोच्या कावाय लेनर्डचा दोनपैकी एक फ्री थ्रो चुकला, ९५-९२. लेब्रॉनचा पुढचा थ्री रिंगला लागून बाहेर आला. असे बॉल पकडणारा सॅन अँटोनियोचा उंच खेळाडू टिम डंकन त्या वेळी बेंचवर होता. मायामीच्या क्रिस बॉशने रिबाउंड घेतला, म्हणजे उडालेला बॉल पकडला. ॲलन तेव्हा रिंगपाशीच होता. बॉशच्या हातात बॉल जाताना तो उलट्या पावलांनी उजव्या कॉर्नरकडे निघाला, खाली एकदाही न बघता. पास आला, समोरून सॅन अँटोनियोचा टोनी पार्कर झेपावला, शॉट सुटला. ५.२ सेकंद बाकी, ९५-९५. रेफरींनी व्हिडिओ तपासला, पाय रेषेच्या मागे होते. ओव्हरटाइममध्ये मायामी १०३-१०० ने जिंकली, आणि सातवी मॅचही.

ॲलन तेव्हा सदतीस वर्षांचा होता, बेंचवरून खेळायला येत होता, आणि आदल्या उन्हाळ्यात त्याच्या घोट्याचं ऑपरेशन झालं होतं. त्या शॉटला लोक नशीब म्हणतात तेव्हा मला राग येतो. शॉट म्हणजे देवाची देणगी, असं कुणी म्हटलेलं त्याला स्वतःलाही आवडायचं नाही, कारण त्यात रोजची मेहनत पुसली जाते. मॅचच्या तीनेक तास आधी तो रिकाम्या स्टेडियममध्ये येऊन ठरलेल्या जागांवरून ठरलेल्या क्रमाने शूटिंग करायचा, आणि मॅचच्या दिवशी जेवणही ठरलेलं, चिकन आणि भात.

तर आमच्या हॉलमधला कॉर्नर. हा हॉल बॅडमिंटनसाठीही दिला जातो. उजव्या कॉर्नरला बॅडमिंटनचे खांब, गुंडाळलेली नेट आणि प्लास्टिकच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या असतात. डाव्या कॉर्नरला साइडलाइनच्या लगेच पलीकडे भिंत आहे आणि भिंतीवर पॅड नाही. म्हणजे शूटिंगचा तास विकत घेऊन शूटिंग गार्डच्या सगळ्यात महत्त्वाच्या दोन जागा वापरताच येत नाहीत. मी मालकांशी बोलले. माणूस सज्जन आहे, लगेच म्हणाले, "ताई, खांब मागे हलवतो." सकाळच्या तासाला आता उजवा कॉर्नर मोकळा मिळतो. संध्याकाळी बॅडमिंटनवाल्यांच्या आधी-नंतर परत तोच पसारा. भिंतीला पॅड अजून लागलेलं नाही, आणि ते लागेपर्यंत डाव्या कॉर्नरला उलट्या पावलांचा सराव करू नका. मी भाच्याला तिथे फक्त उभ्याने शॉट मारू देते.

समोर झळकणाऱ्या आकड्याबद्दलही बोलायला हवं. मुलांना तो फार आवडतो आणि पालकांना त्याहून जास्त. बाकावर बसलेले वडील फोनवर त्याचे फोटो काढतात, मुलाचा आकडा शेजारच्या मुलापेक्षा कमी आला की चेहरा पडतो. अशा वेळी मी त्यांना २०१० ची फायनल सांगते. दुसऱ्या मॅचमध्ये ॲलनने लेकर्सविरुद्ध आठ थ्री मारले, तेव्हाचा फायनलचा विक्रम, आणि एकूण ३२ पॉइंट. पुढच्याच मॅचमध्ये, स्वतःच्या घरच्या कोर्टवर, तेरा शॉट मारले आणि एकही गेला नाही. इतिहासातल्या सर्वोत्तम शूटरपैकी एक, दोन दिवसांच्या अंतरात. त्याची थ्रीची कारकिर्दीतली टक्केवारी चाळीस आहे, म्हणजे दहातले सहा चुकले. फ्री थ्रोची ८९.४, कारण तिथे डिफेंडर नसतो आणि पाय स्थिर असतात. मशीनवरचा आकडा थ्रीपेक्षा फ्री थ्रोच्या जवळचा असतो. तो बघून मुलगा मॅचमध्ये कसा खेळेल याचा अंदाज बांधू नका. मी भाच्याच्या वेळी आकड्यावर टॉवेल टाकायला सांगते. सुरुवातीला कुरकुर झाली. आता त्याचं लक्ष बॉलच्या उंचीकडे असतं.

मशीनजवळ जो मुलगा मदतीला असतो त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायलाच हवेत. एकोणीस-वीस वर्षांचा असेल, स्वतः पॉइंट गार्ड खेळतो. हॉलच्या नियमात त्याचं काम मशीन लावणं आणि बॉल अडकला तर काढणं एवढंच. मी विचारलं, शेवटची वीस मिनिटं मशीन बाजूला करून तू पास देशील का? तो आनंदाने तयार झाला. आणि पास कसे देतो! एक छातीवर, एक बाउन्स, एक मुद्दाम डोक्याच्या वर, एक उशिरा. भाचा रिंगखालून उठून कॉर्नरला पळतो, मी हात वर करून अंगावर जाते, तो ओरडतो, "मावशी, फाउल!" बास्केट कमी होतात. पाय मात्र शिकतात. मागच्या महिन्यात त्याच्या सरांनी आपणहून विचारलं की हल्ली हा बॉल येण्याआधीच खाली बसलेला कसा असतो. खाली बसलेला म्हणजे गुडघे वाकवून तयार. या शेवटच्या वीस मिनिटांसाठी मी हॉलला वेगळे पैसे द्यायला तयार आहे, आणि ते त्या मुलाच्या हातात पडावेत असं मालकांना सांगितलंही आहे.

तासाचा हिशेबही आधी विचारून घ्या. मशीन ढकलत आणून जाळं उभारायला सात-आठ मिनिटं लागतात आणि इथे ती आपल्या तासातून जातात. आधीचा तास शूटिंगचाच असेल तर मशीन लागलेलं मिळतं. म्हणून मी सकाळी सहाचा नव्हे, सातचा तास घेते. वॉर्मअप हॉलबाहेर करून आत जा, कोर्टवर स्ट्रेचिंग करण्यात सहाशे रुपयांतला वेळ घालवू नका.

कोणाला घ्यावं? ज्याचा शॉट अजून घडतोय, साधारण बारा ते सोळा वर्षं, त्याला आठवड्यातून एक तास जरूर, मशीन आणि माणूस दोन्ही मिळून. दोन मुलांनी मिळून घेतला तर उत्तम, खर्च अर्धा आणि आलटून-पालटून डिफेंडर मिळतो. दहाच्या आतल्या मुलांना नको, त्यांना त्या उंच जाळ्यावरून बॉल घालायला जीव काढावा लागतो. कॉलेज टीममधल्या मुलांनी पासमधलं अंतर तीन सेकंदांवर आणून प्रत्येक शॉटनंतर जागा बदलावी. एका जागेवरून शॉट मारून त्यांना काही मिळणार नाही. आणि माझ्यासारख्या खेळून झालेल्यांनी अवश्य जावं. चाळिशीनंतर बॉलमागे धावणं गुडघ्यांना झेपत नाही, पण शॉट अजून तसाच सुटतो हे कळल्यावर जो आनंद होतो तो मी इथे दर आठवड्याला घेते.

सध्या रविवारच्या सकाळचं बुकिंग बुधवारीच भरतं. सहा नंबरचे बॉल आणि डाव्या भिंतीचं पॅड या दोन गोष्टी दिवाळीपर्यंत येतील असं मालकांनी सांगितलंय. जाणाऱ्या प्रत्येकाने त्यांना त्याबद्दल विचारत राहावं, म्हणजे लवकर होईल.